ट्रायथलॉनसाठी घड्याळ: फोररनर २५५ की पेस ३, आणि पट्ट्याचे पैसे आधी बाजूला ठेवा

दुकानात गेल्यावर नजर आधी चकचकीत स्क्रीनवर जाते. ट्रायथलॉनसाठी घड्याळ घेत असाल तर विक्रेत्याला पहिला प्रश्न वेगळा विचारा: यात ट्रायथलॉन किंवा मल्टिस्पोर्ट मोड आहे का? ‘रनिंग आहे, सायकलिंग आहे, स्विमिंग पण आहे’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका. तीन खेळ तीन वेगळ्या दिवशी नोंदवणारं घड्याळ कुठेही मिळतं. तुम्हाला तिन्ही खेळ एका दमात, मधल्या बूट-हेल्मेटच्या वेळेसकट नोंदवणारं घड्याळ हवं आहे.

या मोडमध्ये सुरुवातीला एकदा स्टार्ट दाबायचं, मग प्रत्येक टप्प्याला फक्त लॅपचं बटण. पाण्यातून बाहेर आलात, एकदा. सायकल घेऊन रेषेपलीकडे गेलात, दुसऱ्यांदा. सायकल परत स्टँडला लावायला आणलीत, तिसऱ्यांदा. धावायला निघालात, चौथ्यांदा. शेवटी स्टॉप. मोड नसेल तर दर वेळी थांबवा, सेव्ह करा, यादीतून नवा खेळ शोधा, जीपीएस लागायची वाट बघा, हे सगळं ओल्या बोटांनी आणि श्वास फुललेला असताना करावं लागतं. ट्रान्झिशनला, म्हणजे एका खेळातून दुसऱ्यात जायला, किती वेळ गेला हे तर कळतच नाही, आणि नवख्यांचा सगळ्यात सहज वाचवता येणारा वेळ तिथेच असतो.

गार्मिनच्या फोररनर मालिकेत इथेच गल्लत होते. ५५ आणि १६५ ही धावणाऱ्यांसाठी चांगली घड्याळं आहेत, पण दोन्हींत ट्रायथलॉन मोड नाही. १६५ ची स्क्रीन देखणी आहे, ते उघड्या पाण्यातलं पोहणंही नोंदवतं, म्हणून फसायला होतं. त्याला सायकलचा पॉवर मीटर, म्हणजे पायडलवरचा जोर मोजणारं उपकरण, तेसुद्धा जोडता येत नाही. २५५ पासून पुढे, म्हणजे २६५, ९५५, ९६५ आणि २०२५ मध्ये आलेली ५७० व ९७०, सगळ्यांत हा मोड आहे. कोरोसच्या पेस ३ मध्ये आहे, सुंतो रेस आणि पोलर व्हँटेज व्ही ३ मध्ये आहे. अ‍ॅपल वॉचला २०२२ च्या वॉचओएस ९ पासून मल्टिस्पोर्ट मिळालं. ऑलिम्पिक अंतरापर्यंत (१.५ किमी पोहणं, ४० किमी सायकल, १० किमी धावणं) ते निभावतं, त्यापुढे अल्ट्रा मॉडेल सोडून बाकीच्यांच्या बॅटरीवर भरवसा ठेवू नये.

पहिल्या दोन-तीन वर्षांच्या तयारीसाठी आमचं मत ठाम आहे: फोररनर २५५ किंवा कोरोस पेस ३, यांपैकी एक. वरच्या मॉडेलवर जाणारे पंधरा-वीस हजार वाचवा आणि त्यातून ठोके मोजणारा छातीचा पट्टा घ्या. राहिलेल्या पैशांत चांगला गॉगल आणि सायकलचे टायर येतात.

दोघांत निवड कशी करायची

२५५ ला टचस्क्रीन नाही. ऐकायला उणीव वाटते, पण ट्रायथलॉनमध्ये हाच त्याचा मोठा गुण. पाच बटणं, डावीकडे तीन, उजवीकडे दोन, आणि लॅप नेहमी उजवीकडे खाली. न बघता अंगठ्याने सापडतं. पेस ३ ला एक फिरती कळ आणि एक बटण आहे, शिवाय टचस्क्रीन. व्यायाम चालू असताना टच बंद ठेवा, कारण पाण्याचे थेंब आणि घामाने भिजलेली बाही दोन्ही स्क्रीनला बोटासारखीच वाटतात.

वजनात पेस ३ पुढे आहे. नायलॉनच्या पट्ट्यासह ३० ग्रॅम. २५५ चं मोठं मॉडेल ४९ ग्रॅम आणि लहान, २५५ एस, ३९ ग्रॅम. मनगट बारीक असेल तर २५५ एस घ्या. मोठं घड्याळ हाडावर डुगडुगलं की मनगटावरचे ठोके चुकायला लागतात.

सेन्सर जोडण्याच्या बाबतीत २५५ ब्लूटूथ आणि अँट प्लस (सेन्सर बिनतारी जोडायची दुसरी पद्धत) दोन्ही घेतं. पेस ३ फक्त ब्लूटूथ घेतं. तुमच्याकडे पायडलच्या फेऱ्या मोजणारा जुना कॅडन्स सेन्सर किंवा सेकंडहँड पॉवर मीटर असेल तर तो ब्लूटूथ बोलतो का, हे आधी तपासा. जुनी बरीच उपकरणं फक्त अँट प्लसवर चालतात आणि पेस ३ ला ती दिसणारच नाहीत.

बॅटरीचं गणित कंपनीच्या आकड्यांवर मांडू. मल्टिबँड किंवा ड्युअल फ्रिक्वेन्सी म्हणजे उपग्रहांच्या दोन लहरी एकदम ऐकणं: जास्त अचूक, पण बॅटरी खाणारं. २५५ साध्या जीपीएसवर ३० तास, मल्टिबँडवर १६ तास. पेस ३ साध्यावर ३८ तास, ड्युअल फ्रिक्वेन्सीवर १५ तास. हाफ अंतर म्हणजे १.९ किमी पोहणं, ९० किमी सायकल आणि २१.१ किमी धावणं. त्याची कट-ऑफ, म्हणजे पूर्ण करायची वेळमर्यादा, साडेआठ तासांच्या आसपास असते. तिथे कुठल्याही सेटिंगवर काळजी नाही. फुल अंतराला, म्हणजे याच्या दुप्पट, मात्र १७ तासांपर्यंत मुभा असते, म्हणून मल्टिबँड चालू ठेवून उतरलात आणि सोळा तास लागले तर शेवटच्या पाच किलोमीटरना स्क्रीन काळी. फुलसाठी साधं जीपीएस ठेवा. मोकळ्या रस्त्यावर त्याने फारसं बिघडत नाही.

स्क्रीनबद्दल: दोन्हींची एमआयपी जातीची आहे. दुकानातल्या दिव्याखाली ती मळकट दिसते आणि ग्राहक २६५ कडे वळतो. तीच स्क्रीन एप्रिलमध्ये सकाळी दहाच्या उन्हात, पिरंगुटच्या रस्त्यावर, जास्त स्पष्ट दिसते, कारण ती बाहेरचा प्रकाश परतवते. अ‍ॅमोलेड घेतलीत तर ‘नेहमी चालू’ ठेवावी लागते. एरोबारवर (हँडलच्या पुढच्या दांड्यांवर) हात टेकलेले असताना मनगट वळवून स्क्रीन जागी करता येत नाही. बॅटरी मग त्या हिशेबाने धरा.

टँकवर काय चुकतं

पुण्यातल्या तक्रारींपैकी निम्म्या इथल्या. घड्याळ टँकमध्ये जीपीएस वापरत नाही. तुम्ही भिंतीला वळलात हे हाताच्या हालचालीवरून ओळखतं आणि सेट केलेली टँकची लांबी त्यात मिळवतं. लांबी चुकली की सगळंच चुकलं. बाणेर, वाकड, खराडीच्या सोसायट्यांतले टँक क्वचितच २५ मीटर असतात. १८ मीटरच्या टँकमध्ये सेटिंग २५ वर राहिलं तर ४० लेंग्थला (लेंग्थ म्हणजे भिंत ते भिंत एकदा) घड्याळ १००० मीटर दाखवतं आणि तुम्ही पोहलेले असता ७२०. शर्यतीच्या दिवशी हा फरक फार महागात पडतो. एक मेजपट्टी न्या, भिंत ते भिंत मोजा, तो आकडा कस्टममध्ये टाका. साधारण १५ मीटरच्या खालची लांबी बहुतेक घड्याळं घेत नाहीत. तसा टँक असेल तर अंतर विसरा आणि फक्त वेळ मोजा. बालेवाडीच्या क्रीडासंकुलात ५० मीटरचा टँक आहे. महिन्यातून एकदा तरी तिथे मोठी लेंग्थ पोहून बघा, कारण दर वळणाला मिळणारी ढकल अर्ध्याहून कमी होते आणि खरा वेग कळतो.

दुसरी चूक गर्दीतून येते. उन्हाळ्यातल्या पाऊण तासाच्या बॅचला लेनमध्ये कुणीतरी आडवं येतं, तुम्ही मध्येच थांबता, पाय टेकता, पुन्हा निघता. घड्याळाला ते वळण वाटतं आणि एक लेंग्थ जास्त मोजली जाते. मध्येच ब्रेस्टस्ट्रोकवर आलात तरी तसंच होतं. उपाय असा: थांबायचंच असेल तर हात पाण्यात सरळ, शांत ठेवा आणि तरंगत पुढे सरका. भिंतीला लागल्यावर विश्रांती घेताना लॅप दाबा, निघताना पुन्हा दाबा. १०० मीटरचे आठ संच असतील तर प्रत्येक संच वेगळा दिसतो आणि सहावा-सातवा किती ढासळला ते कळतं. ते कळणं एकूण अंतरापेक्षा जास्त कामाचं आहे. बोर्ड धरून नुसते पाय मारलेत तर हात हलत नाहीत, म्हणून काहीच मोजलं जात नाही. गार्मिनमध्ये त्यासाठी ड्रिल लॉग आहे, संपल्यावर अंतर हाताने भरायचं.

आणखी एक बारीक गोष्ट. घड्याळ डाव्या मनगटावर आहे, तुम्ही टँकच्या कडेवर दोन्ही तळवे टेकवून स्वतःला वर उचलता. मनगट पूर्ण मागे वाकतं आणि हाताची मागची बाजू उजवीकडच्या बटणावर दाबली जाते. नोंद तिथेच थांबते, किंवा ट्रायथलॉन मोडमध्ये घड्याळ पुढच्या टप्प्यावर उडी मारतं. घड्याळ हाडापासून बोटभर वर सरकवा आणि बटणं लॉक करण्याचा पर्याय चालू ठेवा. चुकून पुढे गेलेला टप्पा मागे घेता येईल असं धरून चालू नका.

उघड्या पाण्यात जीपीएस चालतं, पण प्रत्येक हाताला फक्त क्षणभर. मनगट पाण्याखाली गेलं की सिग्नल तुटतो, वर आलं की पुन्हा शोधाशोध. त्यामुळे नकाशावर रेघ नागमोडी दिसते आणि अंतर थोडं इकडेतिकडे होतं. अंतर नेमकं हवं असेल तर घड्याळ टोपीखाली, डोक्याच्या मागच्या बाजूला ठेवा. ठोके मिळणार नाहीत, पण रेघ सरळ येईल. सराव कुठे करायचा हा प्रश्न पुण्यात गंभीर आहे. खडकवासला, पानशेतच्या पाण्यात एकट्याने उतरू नका. मनाईच्या पाट्या आहेत, तळाचा अंदाज येत नाही, आणि घड्याळ तुम्हाला वाचवणार नाही. अनुभवी प्रशिक्षक, सोबत बोट आणि कमरेला बांधलेला रंगीत फुगा असेल तेव्हाच उघडं पाणी.

ठोके: मनगट कुठे फसतं

मनगटाखाली हिरवे दिवे कातडीतून जाणाऱ्या रक्ताची लाट बघतात. शांत बसल्यावर, सावकाश धावताना हे छान चालतं. तीन ठिकाणी फसतं.

पहिलं, धावताना. तुमची पावलं मिनिटाला १७० च्या आसपास पडत असतात. हाताला त्याच तालात हिसके बसतात आणि सेन्सर तो ताल ठोके समजून बसतो. रेसकोर्सला सकाळी सावकाश फेरी मारताना तिसऱ्याच मिनिटाला घड्याळ १७२ दाखवतं, तुम्ही मात्र आरामात गप्पा मारत असता. ओळखायची खूण सोपी: ठोक्यांचा आलेख आणि कॅडन्सचा, म्हणजे मिनिटाला पडणाऱ्या पावलांचा, आलेख एकावर एक ठेवा. दोन्ही रेघा चिकटून चालत असतील तर तो आकडा खोटा आहे. पट्टा एक भोक घट्ट करा, घड्याळ मनगटाच्या हाडापासून वर घ्या. तरी सुटलं नाही तर छातीचा पट्टा लावा.

दुसरं, सायकलवर. हूड, म्हणजे ब्रेकच्या वरच्या मुठी, घट्ट धरले की मनगट वाकतं, स्नायू ताणले जातात, खड्ड्यांचे हादरे थेट घड्याळाखाली पोचतात. सिंहगडाच्या घाटात ठोके १६० ला असताना मनगट १२० दाखवेल, आणि तुम्ही आणखी जोर लावाल. तिसरं, थोड्या वेळाचे जोराचे इंटरव्हल. मनगट उशिरा वर चढतं. तीस सेकंदांचा जोर संपतो तेव्हा कुठे आकडा हलायला लागतो.

छातीचा पट्टा हृदयाचा विद्युत संकेतच वाचतो, म्हणून या तिन्ही ठिकाणी बरोबर चालतो. पण पाण्यात पुन्हा वेगळी अडचण आहे. ब्लूटूथ आणि अँट प्लस दोन्ही २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि पाणी ती लहर काही सेंटिमीटरांतच गिळून टाकतं. पट्टा छातीवर, घड्याळ हातावर, मध्ये पाणी: काहीही पोचत नाही. गार्मिनचे एचआरएम-प्रो प्लस, एचआरएम-ट्राय आणि एचआरएम-स्विम पोहतानाचे ठोके स्वतःकडे साठवतात आणि बाहेर आल्यावर घड्याळाला देतात. एचआरएम-ड्युअल स्वस्त आहे, पण साठवत नाही. सायकल आणि धावण्यासाठी उत्तम, पाण्यात बिनकामाचा. पोलर एच१० पाच किलोहर्ट्झवरही पाठवतो आणि ती लहर पाण्यातून जाते, पण ती ऐकणारं घड्याळ लागतं. गार्मिन किंवा कोरोस ती ऐकत नाहीत. पट्टा लावून टँकमध्ये भिंतीला जोरात ढकललंत तर तो पोटावर घसरतो. पुरुषांनी ट्रायसूटखाली (तिन्ही खेळांत चालणारा अंगाला घट्ट पोशाख) घालावा, नुसत्या अंगावर नको. पोहण्याचे ठोके पहिल्या वर्षी नसले तरी काही बिघडत नाही. पाण्यात वेळ आणि हात मोजा.

पट्ट्याचीही निगा लागते. डिसेंबर-जानेवारीत पुण्याची हवा कोरडी असते. पट्टा कोरडाच बांधून पॉलिएस्टरचा टीशर्ट घातलात तर पहिली दहा मिनिटं २०० च्या वरचे आकडे येतात. हृदयाचं काही बिघडलेलं नसतं, कापडाच्या घर्षणाची स्थिर वीज असते. निघण्यापूर्वी इलेक्ट्रोडच्या पट्ट्या नळाखाली ओल्या करा. मेडिकलमध्ये मिळणारी ईसीजी जेल थोडी लावली तर आणखी चांगलं. घरी आल्यावर पॉड, म्हणजे पट्ट्यावरचा सेन्सरचा डबा, निघत असेल तर काढून ठेवा. ओल्या पट्ट्याला लावलेला राहिला तर त्याला वाटतं तुम्ही अजून धावताय, आणि सेल उगाच संपतो. पट्टा आठवड्यातून एकदा साध्या साबणाने धुवा. पावसाळ्यात तो पंख्याखाली वाळवा, नाहीतर बुरशी येते आणि छातीवर चट्टे उठतात.

सायकल आणि धाव

सायकलवर घड्याळ हँडलला लावून छातीचा पट्टा वापरणं हा सगळ्यात चांगला स्वस्त मार्ग. वेगाचा सेन्सर लावलात तर टायरचा परीघ बरोबर भरा: ७००×२५ ला २१०५ मिमी, ७००×२८ ला २१३६. सेन्सर असला की कात्रजच्या बोगद्यात वेग शून्यावर जात नाही आणि पावसाळ्यात घरी ट्रेनरवरही (जागेवर सायकल चालवायच्या स्टँडवर) अंतर मिळतं.

घाटात उंचीचा आकडा हवेच्या दाबावरून येतो. जून ते सप्टेंबर दाब सतत बदलतो, म्हणून घरी ठेवलेलं घड्याळही रात्रीतून वर चढलेलं दिसतं. निघताना उंची हाताने लावा, पुण्यासाठी ५६० मीटर चालेल. दाबाच्या बारीक भोकात सनस्क्रीन आणि घामाचं मीठ जमलं की चढ सपाट दिसायला लागतो. दर व्यायामानंतर घड्याळ साध्या पाण्याखाली धरा. सुई खुपसू नका, आतला पडदा फाटतो.

धावताना मल्टिबँडचा खरा उपयोग कर्वे रस्त्यावर मेट्रोच्या पुलाखाली आणि हिंजवडीच्या काचेच्या इमारतींमध्ये कळतो. साधं जीपीएस तिथे रेघ इमारतींच्या आतून काढतं, कारण सिग्नल काचेवर आपटून उशिरा पोचतो. वेताळ टेकडीवर किंवा विद्यापीठाच्या झाडीत फरक कमी, पण दिसतो. कुठेही असलात तरी उपग्रह लागल्याची खूण आल्यावर आणखी एक मिनिट उभे राहा. पहिला किलोमीटर विचित्र येण्याचं कारण बहुतेक वेळा तेवढी घाई असते. ट्रॅकवर, सणस मैदान असो की बालेवाडी, ट्रॅक मोड निवडा आणि लेन भरा. पहिल्या लेनची फेरी ४०० मीटर, आठव्या लेनची ४५३ च्या जवळ.

ठोक्यांचे झोन, म्हणजे सोप्यापासून अवघडपर्यंतचे टप्पे, घड्याळ वय विचारून ‘२२० वजा वय’ यावर ठरवतं. हे सूत्र अनेकांना दहा-बारा ठोक्यांनी चुकतं आणि मग महिनोन् महिने सगळी सोपी धाव अवघड झोनमध्ये होते. पट्टा लावून सपाट जागी, पहाटेच्या गारव्यात, पंधरा मिनिटं अंग गरम करा आणि तीस मिनिटं एकट्याने टिकेल तेवढ्या जोरात धावा. दहाव्या मिनिटाला लॅप दाबा. शेवटच्या वीस मिनिटांच्या ठोक्यांची सरासरी हा तुमचा थ्रेशोल्ड, म्हणजे बराच वेळ टिकणाऱ्या जोराची वरची मर्यादा; झोन त्यावरून ठरवा. सायकलवर वेगळी चाचणी घ्या, आकडा बहुधा पाच-दहाने कमी येतो, आणि घड्याळात दोन्ही खेळांचे झोन वेगळे भरा. मे महिन्यात त्याच वेगाला ठोके वाढत जातात, कारण शरीर रक्त कातडीकडे पाठवून गारवा शोधत असतं. तेव्हा ठोक्यांना मान द्या, वेग सोडून द्या.

घेताना

वॉरंटी भारतातली आहे का, बिलावर लिहून घ्या. बाहेरून आणलेलं स्वस्त घड्याळ बटण अडकलं की परत त्याच देशात पाठवावं लागतं. हृदयाचा काही त्रास, चक्कर किंवा छातीत दुखणं झालेलं असेल तर घड्याळाआधी डॉक्टरांकडे स्ट्रेस टेस्ट करा.

पुण्यात सेकंडहँड २५५ वापरलेली पण सुस्थितीत मिळतात, आणि घ्यायला हरकत नाही. पूर्ण चार्ज करून साध्या जीपीएसवर एक तास चालवून बघा. नवं असताना तासाला साडेतीन टक्क्यांच्या आसपास उतरतं. सात टक्के उतरलं तर बॅटरी निम्मी उरली आहे, भाव तसाच लावा. पाचही बटणं दहा-दहा वेळा दाबा. एखादं मऊ लागलं किंवा उशिरा वर आलं तर आत मीठ गेलेलं आहे. मागचे चार्जिंगचे चार बिंदू हिरवट झालेले नकोत. जुन्या मालकाच्या अकाउंटमधून घड्याळ तुमच्यासमोर काढून घ्या, तेव्हाच पैसे द्या.

शर्यतीच्या तीन आठवडे आधी टँकला जाताना सायकल आणि बूट बरोबर न्या. २०० मीटर पोहा, ओल्याच हाताने लॅप दाबा, टोपी-गॉगल पिशवीत, हेल्मेट डोक्यावर आणि बकल लावूनच सायकलला हात. दोन किलोमीटर सायकल, मग एक किलोमीटर धाव. चार वेळा लॅप, एकदा स्टॉप. असं सहा वेळा केलंत की बोटाला बटण आपोआप सापडायला लागतं, आणि घरी आल्यावर पहिल्या व सहाव्या फेरीचा ट्रान्झिशनचा वेळ शेजारी ठेवून बघता येतो.